खाड्याची वही

वाचकहो, आपल्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर पुढे वाचण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मनाशी देऊन पाहा. काल दुपारी त्यांनी किती पोळ्या खाल्ल्या? डब्यात किती ठेवल्या होत्या ते आपल्याला ठाऊक असेलच. पोटात किती गेल्या, एवढेच सांगा.

हा प्रश्न २०१५ च्या मार्च महिन्यात एका डॉक्टरांनी मला विचारला आणि मी निरुत्तर झाले. माझे सासरे तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना आम्ही सारे बाबा म्हणत असू. दुपारी बाराच्या सुमारास शेजारच्या वहिनींना ते दारात घामाने भिजलेले, काहीतरी असंबद्ध बोलत उभे असलेले दिसले. वहिनींनी प्रसंगावधान राखून त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रक्तातील साखर ५२ भरली. ती ७० च्या खाली गेली की धोक्याची मानतात. मधुमेहाची गोळी बाबांनी सकाळी नेमाने घेतली होती. गोळीपाठोपाठ जे अन्न पोटात जायला हवे, ते मात्र गेले नव्हते. ते शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी पाजता आले. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये, थेट रुग्णालय गाठावे, हे मी त्या दिवशी शिकले.

मी कचेरीतून धावतपळत पोहोचले. डॉक्टरांनी विचारले, “दुपारी किती जेवतात?” मी सांगितले : तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात, दही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हे तुम्ही डब्यात काय भरता ते झाले.” मग त्यांनी बाबांना वजनकाट्यावर उभे केले. काटा ५१ किलोवर थांबला. पाच महिन्यांपूर्वीच्या कागदावर ५८ लिहिलेले होते. सहा महिने ते वर्षभरात, कोणताही प्रयत्न न करता, वजन शेकडा पाचाने उतरले तर ती धोक्याची खूण समजावी असे वैद्यकशास्त्र सांगते. बाबांच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. त्यांचे सात किलो उतरले होते, आणि एका छताखाली राहून आम्हांला ते दिसले नव्हते. सदरा सैल झाला तेव्हा “सदरा धुऊन सैल पडला,” असे मीच म्हटले होते.

आमचे घर तुळिंजला आहे. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस उतरले की लागते ते हे गाव. आता त्याला गाव म्हणावे अशी खूण फारशी उरलेली नाही. गिरणगावातील आणि गिरगावातील कितीतरी कुटुंबे परवडणाऱ्या जागेच्या शोधात पश्चिम रेल्वेच्या या टोकाला आली, त्यांत आमचेही एक. जागा परवडली, पण तिचे मोल वेळेत फेडावे लागले. माझे यजमान आणि मी सकाळी सातच्या आत घर सोडत असू आणि रात्री आठपूर्वी क्वचितच परतत असू. सासूबाई होत्या तोवर त्या तेरा तासांची मला कधी काळजी वाटली नाही. २०१४ च्या दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यानंतर पहाटे साडेचारला उठून मी बाबांचा डबा भरू लागले, आणि डबा भरला की कर्तव्य झाले असे मानू लागले. संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असे. याहून अधिक पुरावा कोणती सून मागेल?

दवाखान्यातून आल्यावर मी खिडकी उघडून खालच्या पत्र्यावर पाहिले. पोळ्यांचे वाळलेले तुकडे तेथे पसरले होते. कावळ्यांनाही ते संपवता आले नव्हते.

मी आठवडाभर रजा टाकली. मनात राग होता, हे कबूल करते. ज्या पोळ्यांसाठी मी झोप मोडत होते, त्या पत्र्यावर वाळत होत्या. बाबा दोन दिवस माझ्यासमोर बसून मुकाट्याने जेवले. तिसऱ्या दिवशी सव्वाबाराला त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि चपला घातल्या. “कुठे निघालात?” म्हणून विचारले तर म्हणाले, “जरा जाऊन येतो.” मीही पदर खोचून त्यांच्यामागे निघाले. त्यांनी नको म्हटले नाही.

तुळिंज रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी, एक खाणावळ होती. बाहेर काळी पाटी आणि तीवर खडूने लिहिलेले : वालाची उसळ, कोबी, आमटी, भात, पोळी किंवा भाकरी. आत चार टेबले; आणि स्वयंपाकघर व जेवणारे यांच्यामध्ये कडाप्प्याचा एक लांब ओटा. त्या ओट्याच्या अलीकडे सहा स्टुले ओळीने मांडलेली. ओट्यापलीकडे खाणावळीच्या ताई भाकरी थापत होत्या, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी वाढप्याच्या हातीही न देता थेट समोरच्या ताटात टाकत होत्या. स्टुलांवर बसलेले पाचहीजण साठीपुढचे होते. सहावे स्टूल रिकामे होते. बाबा त्यावर जाऊन बसले. पलीकडून ताई म्हणाल्या, “काका, या वेळी फार दिवसांनी?” शेजारच्या गृहस्थांनी आपला पेला बाजूला सरकवून जागा करून दिली.

बाबा माझ्या डोळ्यांसमोर दीड भाकरी, वाटीभर उसळ आणि आमटी-भात जेवले. भाताचे शीतही ताटात ठेवले नाही. मी टेबलाशी बसून पाहत होते. मला काय वाटले ते खरे सांगायचे तर अपमान वाटला. त्या उसळीत मसाला जास्त होता, तेलाचा तवंग होता, आणि ती माझ्या उसळीहून चांगली नव्हती.

घरी परतताना बाबाच बोलले. “सूनबाई, तुझा डबा चांगला असतो. पण एकट्याला गिळवत नाही.” थोडे अंतर चालून पुढे म्हणाले, “रोज आलो असतो. पण साठ रुपये लागतात.” आठवड्यातून एकदा-दोनदा, खिशात पैसे असले तर ते येथे येऊन जेवत, नसले तर चहात दोन बिस्किटे बुडवून दिवस काढत. मुलाकडे मागणे त्यांच्याने होत नव्हते. ज्या दिवशी साखर उतरली तो महिनाअखेरचा दिवस होता.

बाबांच्या दृष्टीने खाणावळ म्हणजे काय, हे मला त्यानंतर हळूहळू उमगले. रत्नागिरी जिल्ह्यातून ते सतराव्या वर्षी मुंबईत आले, परळच्या एका गिरणीत साच्यावर लागले आणि गाववाल्यांच्या खोलीत राहू लागले. पाळी संपली की खोलीतील माणसे बदलत, अंथरुणे तीच राहत. जेवण खाणावळीत. मुंबईत खाणावळी नाना तऱ्हेच्या होत्या. दादर स्थानकाजवळ मामा काण्यांनी १९१० साली आपले उपाहारगृह सुरू केले. माटुंग्याला रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढते आहे. गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रमाच्या माशांच्या जेवणाची आठवण, ते बंद झाले तरी, जुनी माणसे अजून काढतात. गिरणगावातील खाणावळ याहून साधी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई पंधरा-वीस कामगारांचा स्वयंपाक करी आणि पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या डोक्यावर. अशा बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

बाबा ज्यांच्याकडे जेवत त्या मावशींना लिहिता येत नसे. जो जेवायला आला नाही त्याच्या नावाची कोळशाची रेघ त्या भिंतीवर ओढत. तो खाडा. महिन्याच्या हिशेबात खाड्याचे पैसे वजा होत. पण बाबा सांगत, की लागोपाठ दोन रेघा पडल्या तर मावशी हिशेबासाठी थांबत नसत. कोणालातरी खोलीवर पाठवून “पोराला ताप आला काय, बघून ये,” म्हणत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या, पगार थांबले, माणसे गावी गेली. मावशींच्या भिंतीवर नुसत्या रेघाच रेघा झाल्या असतील. बाबांची नोकरी त्या संपात गेली ती गेलीच. पुढे त्यांनी पंधरा-सोळा वर्षे पहारेकऱ्याचे काम केले. १९९१ मध्ये आम्ही तुळिंजला आलो.

म्हणजे ज्या वयात माणसाच्या जेवणाच्या सवयी घडतात, त्या वयात बाबा पंगतीत जेवले. नंतर चाळीस वर्षे पत्नीसमोर बसून जेवले. बंद दाराआड, एका डब्यासमोर एकट्याने बसण्याची वेळ त्यांच्यावर वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रथमच आली होती. सोबत असली की माणूस अधिक जेवतो, एकटा असला की कमी, हे आहारशास्त्राला ठाऊक असलेले सत्य आहे. म्हणूनच अमेरिकेने १९७२ मध्ये वृद्धांसाठी आहार योजनेचा कायदा केला तेव्हा एकत्र बसून जेवण्याच्या केंद्रांची तरतूद केली. वाढत्या वयात चव आणि वास दोन्ही मंदावतात, तहान कमी लागते, कवळीमुळे चावणे कंटाळवाणे होते. भुकेचा जोर आधीच उणावलेला असतो. अशा वेळी समोरच्या माणसाचे “अहो, उसळ घ्या थोडी,” हे शब्द भुकेचे काम करतात.

तरीही मी लगेच राजी झाले असे समजू नका. माझे आक्षेप बरेच होते. तेल, मीठ, स्वच्छता हे तोंडावर सांगण्याजोगे. खरा आक्षेप निराळा होता : लोक काय म्हणतील? घरात सून असताना सासरा खाणावळीत जेवतो, म्हणजे सून जेवायला घालत नाही. गल्लीतल्या दोघींनी तसे सुचवूनही पाहिले होते. मी हे सारे डॉक्टरांपुढे मांडले, शेवटचा आक्षेप सोडून. तो त्यांनी बहुधा ओळखला. म्हणाले, “महिन्याने वजन करू. काटा काय म्हणतो ते पाहू. लोकांचे नंतर पाहू.”

मग मी खाणावळीच्या ताईंकडे गेले. आपल्यापैकी कोणी अशी सोय करणार असेल, तर मी काय पाहिले आणि काय ठरवले ते सांगते, उपयोगी पडेल.

प्रथम स्वयंपाकघर पाहिले. ओट्यामुळे ते सर्वांना दिसतच होते. पिण्याचे पाणी कोठून येते, भांडी कशी धुतात, अन्न परवान्याचा क्रमांक लावलेला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. चांगल्या चालकाला त्याचा राग येत नाही. जेवणाची वेळ साडेबाराची ठरवली, कारण त्या वेळी सारे नुकतेच चुलीवरून उतरलेले असते. सकाळचा भात संध्याकाळी किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी उशिरा खाणे वृद्धांना सोसत नाही.

मग ताटाचे ठरले. भात अर्धा. त्याऐवजी उसळ किंवा घट्ट वरण दोन वाट्या. म्हातारपणी स्नायू झिजतात, त्यामुळे प्रथिने कमी करून चालत नाही. वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे बरेच तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे बाबांना पन्नास-साठ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात, घट्ट उसळीत सात-आठ, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. बेरीज केली तेव्हा कळले, की माझा डबा पूर्ण संपला असता तरी ताळा जमला नसता. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

लोणचे आणि पापड बंद, ताकात मीठ नाही. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत असावे, आणि त्यातला मोठा वाटा या तोंडीलावण्यांतून जातो. भाकरी मऊ, आमटीत कुस्करता येईल अशी. बुधवारी एक तुकडी मासा. यावर बाबांनी स्वतः भर दिला. पैसे महिन्याचे आगाऊ मी देणार आणि बाबांनी ते दिले असे सर्वांनी समजायचे. हे शेवटचे ताईंनीच सुचवले.

सारे ठरल्यावर ताईंनी गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. उभ्या रकान्यात मेंबरांची नावे, आडव्यात तारखा. जेवण झाले की बरोबरची खूण, न झाल्यास फुली. “सकाळी नऊच्या आत कळवले तर खाडा धरते,” त्या म्हणाल्या. “न कळवता कोणी आले नाही, तर एकपर्यंत वाट बघते.” मी विचारले, “आणि नंतर?” त्या म्हणाल्या, “मग फोन करते. इथे येणारे सगळे एकेकटे आहेत ना.” मी माझा आणि शेजारच्या वहिनींचा असे दोन क्रमांक वहीत लिहून दिले. गल्लीतल्या त्या साध्या खाणावळीत बाबांच्या मावशींची भिंत मला पुन्हा भेटली होती.

जेवणानंतर उठण्याचीही एक गोष्ट आहे. वाढत्या वयात पोटभर जेवल्यावर काहींचा रक्तदाब उतरतो आणि झटकन उठून चालू लागले की घेरी येते. खाणावळीत तर पुढचा माणूस स्टुलामागे उभा असतो. ताईंनी बाबांसाठी गल्ल्यापाशी एक खुर्ची ठेवली. तेथे ते अर्धा तास बसत. नुसते बसणे त्यांना जमेना, म्हणून तिसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या दिवसाच्या फोडणीचा लसूण सोलू लागले. त्यांच्या सदऱ्यांना लसणीचा वास येऊ लागला. धुताना मी कुरकुरत असे, पण त्या वासावरून मला कळे की आज बाबा जेवले.

महिन्याने वजन ५२ झाले. चौथ्या महिन्यात ५५. डॉक्टरांनी गोळीची वेळ आणि मात्रा जेवणाशी जुळवून दिली. गोळी घेतली आणि जेवण चुकले असे होऊ नये म्हणून, बाबांनी गोळी खिशात घेऊन जायची आणि ताईंनी ताट मांडले की घ्यायची, असा नेम ठरला. आपल्या रुग्णाची गोळी केव्हा घ्यायची ते मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येक गोळीचा नियम वेगळा असतो.

२०१६ च्या जुलैमध्ये एका दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, कचेरीत माझा फोन वाजला. “काका आलेले नाहीत. सकाळी कळवले पण नाही.” बाहेर धो धो पाऊस होता. पावसामुळे निघाले नसतील, असे मी म्हणणारच होते. ताई म्हणाल्या, “पावसात त्यांनी खाडा कधी केला नाही. मी पोराला पाठवलाय.” वहिनींकडे किल्ली होती. पोऱ्या आणि वहिनी आत गेले तेव्हा बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले होते. बाराला पाय घसरला होता. डावे मनगट मोडले होते आणि उठता येत नव्हते. हाक मारून घसा बसला होता. पावसाच्या आवाजात ती कोणाला ऐकू गेली नव्हती.

सव्वा तासाने बाबा सापडले. वही नसती तर आम्ही रात्री आठला दार उघडले असते. पडलेला वृद्ध माणूस जमिनीवर जितका अधिक काळ राहतो तितका धोका वाढत जातो. अंग थंड पडते, पाणी कमी होते, दाबलेल्या भागाचे स्नायू आणि कातडी नासू लागते. साध्या पडण्यातून मूत्रपिंडापर्यंत दुखणे जाते. बाबांच्या वाट्याला फक्त प्लास्टर आले. सहा आठवडे पोऱ्या डबा घेऊन घरी येत होता, आणि आल्यावर बाबांसमोर बसून स्वतःचाही डबा खात होता. ते त्याला कोणी सांगितले, मला माहीत नाही. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटांसाठी रबराचा चेंडू दिला. बाबांनी तो कपाटात ठेवला आणि लसूण मागवला.

पुढे तीन वर्षे ते त्या स्टुलावर जेवले. २०१९ च्या थंडीत, चार दिवसांच्या आजारानंतर ते गेले. तेराव्यानंतर मी हिशेब करायला गेले तेव्हा ताईंनी वही पुढे केली. शेवटच्या चार फुल्यांचे दोनशे ऐंशी रुपये त्यांनी मोजून माझ्या हातात ठेवले. नको म्हणणे मला जमले नाही. ते पैसे मी अजून खर्चलेले नाहीत.

वाचकहो, प्रत्येक गल्लीत अशा ताई नसतात, हे मी जाणते. पण शोधले तर बरेच काही सापडते. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० पासून सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात दहा रुपयांत देण्यात येऊ लागले. मंडळांची पोळीभाजी केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. काहीच नसेल तर शेजारच्या एकट्या आजींना आपल्या आजोबांसोबत, दोन्ही डबे एकत्र उघडून जेवायला बसवता येते. ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही, त्यांच्यासोबत दुपारच्या वेळी फोनवर दहा मिनिटे बोलत, आपलाही डबा कचेरीत खावा. अगदीच काही नाही तर निदान एक वही करावी. किती वाढले ते तीत लिहू नये. किती खाल्ले तेच लिहावे. महिन्यातून एकदा वजन लिहावे. लागोपाठ दोन फुल्या पडल्या तर तिसरीची वाट पाहू नये.

लोक काय म्हणतात, हे मला नंतर कळले. ज्या दोघींनी मला सुचवून पाहिले होते, त्यांतील एकीचे वडील आता त्याच ओट्याशी जेवतात.

टाळेबंदीत खाणावळ कित्येक महिने बंद होती. ती पुन्हा उघडली तेव्हा टेबले चाराऐवजी तीन झाली होती. ओटा आणि सहा स्टुले तेवढी राहिली होती. मी निवृत्त झाले. यजमानांना अजून कामावर जावे लागते, मुलगा बंगळुरूला असतो. पहिले काही महिने मी दुपारी स्वतःपुरता स्वयंपाक केला. मग स्वतःपुरते काय करायचे म्हणून सकाळचीच पोळी चहाबरोबर खाऊ लागले. एके दिवशी पोळीचा उरलेला तुकडा खिडकीतून पत्र्यावर टाकायला हात गेला, आणि तेथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी गल्लीत गेले. पाटीवर मुगाची उसळ आणि लाल माठ होता. कडेचे स्टूल रिकामे होते. ताईंनी भाकरी ताटात टाकली आणि वहीत माझे नाव लिहिले. परवा दोन दिवसांसाठी बहिणीकडे पुण्याला जायचे होते. निघण्यापूर्वी, सकाळी नऊच्या आत, खाडा सांगून आले.